संग्रहालय पुण्याचं, पैसा कुणाचा?

पुण्यातली सगळी संग्रहालयं एकाच सरकारी खात्याकडे असतील, असा समज असेल तर तो आधी सोडा. कुठे राज्य सरकार, कुठे केंद्र, कुठे ट्रस्ट, तर कुठे चक्क एका घराचा संसार!

दुकान चष्म्यांचं, नाद जुन्या वस्तूंचा
दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहायचे आणि पोटापाण्याला चष्म्यांचं दुकान चालवायचे. उरलेला जीव आणि पैसा जुन्या वस्तूंमध्ये! 20,000 हून अधिक वस्तूंचा संग्रह त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. संग्रहालयाला नाव मात्र दिलं अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं. बाजीराव रस्त्यावरच्या वाड्यात यातल्या जेमतेम अडीच हजार वस्तू मांडलेल्या असतात. तिथल्या वज्री बघाच. काम काय, तर टाचा घासायचं. खालची बाजू खरखरीत आणि वर मुठीला ऐटदार मोर नाहीतर हत्ती!

महाल दुष्काळातला
आगाखान पॅलेस उभा राहिला 1892 मध्ये. आसपासच्या दुष्काळग्रस्तांच्या हाताला काम मिळावं म्हणून तिसऱ्या आगाखानांनी तो बांधायला घेतला. पुढे 1942 मध्ये इंग्रजांनी गांधीजींना इथेच स्थानबद्ध केलं. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांनी अखेरचा श्वास इथेच घेतला. चौथ्या आगाखानांनी 1969 मध्ये वास्तू देशाला दिली. 2003 पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे, म्हणजे जबाबदारी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची.

झेंडा जर्मनीत फडकला, मुक्कामाला नारायण पेठेत
मादाम कामांनी 1907 मध्ये श्टुटगार्टला फडकवलेला भारताचा झेंडा केसरीवाड्यात जपलाय. वाडा टिळकांनी बडोद्याच्या गायकवाडांकडून घेतलेला. इथला कारभार ट्रस्टचा.

संग्रहालय संशोधकांचं
वारली, कातकरी, गोंड अशा जमातींचं जगणं मांडणारं आदिवासी संग्रहालय राज्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे आहे. संस्थेची स्थापना 1962 ची. पैसा सरकारी, पण खातं वेगळं.

जोशींची झुकझुकगाडी
कोथरूडला भाऊ जोशींच्या छंदातून 1998 मध्ये छोट्या रेल्वेंचं संग्रहालय सुरू झालं. सिग्नल पडतात, गाड्या धावतात, शेजारी सर्कसही भरलेली! हा सगळा पसारा जोशी कुटुंबाचा.

थोडक्यात, संग्रह जमवतो कुणी एक नादिष्ट, पण तो टिकवायला कायमचा पैसा लागतो. पहारेकरी, वीज, वाळवीचा बंदोबस्त, कापड आणि कागदाची निगा हे खर्च दार बंद असलं तरी चुकत नाहीत. तेव्हा तिकिटाच्या पैशांसाठी घासाघीस करू नका. आणि माळ्यावरचा आजीचा पानाचा डबा भंगारात घालण्याआधी एखाद्या संग्रहालयाला विचारा. देताना तो कुणाचा, कुठला, कधीचा, हे कागदावर लिहून द्यायला मात्र विसरू नका.