मुलीचं नाव ठेवताय? फक्त ‘युनिक’ आहे का, एवढंच बघू नका

दादाला मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावांचा पाऊस सुरू झाला. आत्या मी, म्हणजे बारशाला पाळण्यात वाकून तिच्या कानात नाव मीच सांगणार आणि ‘कुर्रर्र’ झाल्यावर पाठीत धपाटे मीच खाणार. म्हटलं, आधी जरा अभ्यास करूया.

पहिली अडचण नावरसाची. पंचांगात २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. आमच्या बाळाचं हस्त नक्षत्र, तिसरा चरण. अक्षर आलं ‘ण’! ‘ण’वरून नाव सुचलं तर जरूर कळवा. आर्द्रा नक्षत्रात ‘ङ’ आहे आणि उत्तरा भाद्रपदात ‘ञ’, त्यामुळे हा त्रास आम्हालाच नाही. म्हणूनच अनेक घरांत जन्मनाव पत्रिकेपुरतं राहतं आणि हाक मारायचं नाव वेगळं असतं. माझ्या मते हा मार्ग उत्तम. कुणाचं मन मोडत नाही.

दुसरी गोष्ट अर्थाची. नावांच्या याद्यांमध्ये प्रत्येक नावापुढे ‘देवी लक्ष्मी’ किंवा ‘सुंदर’ असं लिहिलेलं असतं. त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ‘मायरा’ हे नाव सोळाव्या शतकातल्या फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने तयार केलं असं मानलं जातं, पण आपल्याकडे त्याचाही संस्कृत अर्थ सांगणारे भेटतात. ‘शनाया’ म्हटल्यावर मराठी घरात आधी मालिकाच आठवते. ही नावं वाईट आहेत असं नाही. आवडलं तर ठेवा, पण अर्थ सांगायचा असेल तर शब्दकोश उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

अर्थ किती महत्त्वाचा असतो हे साताऱ्याने दाखवलंय. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचं नावच ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवायचं, म्हणजे ‘नको असलेली’. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावं देण्यात आली. काहींनी ऐश्वर्या निवडलं, काहींनी वैशाली. तोपर्यंत शाळेच्या हजेरीत रोज त्यांना ‘नको असलेली’ म्हणूनच हाक मारली जात होती. अशा वेळी ‘नावात काय आहे’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि मुलीचं नाव एकदा ठेवून सुटत नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायची पद्धत अजून अनेक घरांत आहे. कायद्याने लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदलणं बंधनकारक नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता कागदपत्रं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण तेव्हा नाव ठरलेलं नसेल तरी चालतं. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर शुल्क भरून. त्यामुळे बाराव्या दिवशीच ठरलं पाहिजे म्हणून भांडू नका. पण घालाल ते विचारपूर्वक घाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखल्याचं महत्त्व फार वाढलंय. नंतर नाव बदलायचं तर राजपत्रात छापून आणा आणि मग प्रत्येक ठिकाणी खेटे घाला.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नावही येतं. क्रम असा: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. चारही सलग मोठ्याने म्हणून बघा. आम्ही म्हटली तेव्हा अर्धी यादी तिथेच बाद झाली.

शेवटी ‘रेवा’ ठरलं. नर्मदेचं नाव, दोनच अक्षरं, आजीलाही नीट म्हणता येतं. इंग्रजीत ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’ यावर दादा-वहिनीचं दोन दिवस वाजलं, दाखल्यावर ‘व्ही’ गेलं. ‘ण’ मात्र आईने पत्रिकेच्या वहीत जपून ठेवलाय.