सूर्यपरिसरातील उष्ण व शीत वायुमेघ

मृगाच्या पोटात रुतलेला बाण म्हणून आपण जे तीन तारे ओळखतो, त्यांतील पश्चिमेकडचा तारा हे एक तारायुग्म आहे. १९०४ साली पॉट्सडॅम येथे योहानेस हार्टमान यांनी त्याच्या वर्णपटाचे परीक्षण केले. ताऱ्याच्या भ्रमणाबरोबर त्याच्या वर्णरेषा मागेपुढे सरकत होत्या; कॅल्शियमची एक बारीक रेषा मात्र या आंदोलनात सहभागी होत नव्हती. अर्थात ती रेषा उमटविणारा वायू ताऱ्यात नसून तारा आणि आपण यांच्या दरम्यान असला पाहिजे. आंतरतारकीय वायूच्या अभ्यासाचा आरंभ येथून झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

हा वायू एकजिनसी नाही. आपल्या सूर्याच्या भोवतालीच त्याची तीन भिन्न रूपे आढळतात. सूर्य सध्या ज्या विरळ मेघातून सेकंदास सुमारे २६ किलोमीटर वेगाने जात आहे, त्याचे उष्णतामान सुमारे ७,००० अंश केल्व्हिन आहे. या मेघाच्या पलीकडे काहीशे प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेली एक पोकळी असून तीत सुमारे दहा लक्ष अंशांचा अतिविरळ वायू असावा असे मानले जाते. ही पोकळी सुमारे १ कोटी ४० लक्ष वर्षांपूर्वीपासून झालेल्या अतिदीप्त नवताऱ्यांच्या स्फोटांनी कोरली गेली, असा निष्कर्ष २०२२ साली मांडण्यात आला. आणि याच पोकळीच्या आत, सिंह राशीच्या दिशेला, सुमारे २० अंशांचा एक शीत मेघ आहे.

इतक्या दूरच्या वायूचे उष्णतामान कसे मोजावयाचे? अणू जितके वेगाने धावतील तितकी त्यांची शोषणरेषा रुंद होते. परंतु मेघातील खळबळीनेही रेषा रुंदावते. औष्णिक गतीमुळे येणारी रुंदी अणूच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. खळबळीची रुंदी सर्व अणूंना सारखीच. म्हणून हलके ड्यूटेरियम आणि जड लोह यांच्या जंबुपार रेषा एकाच ताऱ्याच्या प्रकाशात मोजल्या, की दोन्ही कारणे वेगळी काढता येतात. हबल दुर्बिणीच्या साहाय्याने निकटच्या मेघांची उष्णतामाने याच रीतीने काढली गेली.

शीत वायूसाठी उदासीन हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेडिओ रेषा उपयोगी पडते. पातळ मेघाच्या उत्सर्जनावरून केवळ हायड्रोजनची राशी कळते. शोषण मात्र उष्णतामानाच्या व्यस्त प्रमाणात असते. दोहोंची तुलना केली की उष्णतामान मिळते. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील ३० तबकड्यांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही आकाशगंगेतील हायड्रोजनची अशी शोषणमापने केली आहेत. मेघाचे अंतर काढण्याची रीत त्याहून सोपी आहे. सिंहेतील मेघाची सोडियम रेषा मागच्या ताऱ्यांत दिसते, पुढच्या ताऱ्यांत दिसत नाही. त्यावरून हा मेघ ३७ ते ७९ प्रकाशवर्षांच्या दरम्यान असल्याचे २०११ साली ठरले.

उष्ण वायूचा पुरावा मात्र वादग्रस्त ठरला. १९६८ पासून अग्निबाणांनी टिपलेले मृदू क्ष-किरण या पोकळीतूनच येतात, असे गृहीत होते. १९९६ साली हयाकुताके धूमकेतू क्ष-किरण सोडताना आढळला. सौरवाताचे आयनीभूत कण उदासीन अणूंचे इलेक्ट्रॉन हिरावून घेतात तेव्हा असे किरण निर्माण होतात, हे लवकरच स्पष्ट झाले. मग सूर्यमालेत शिरणाऱ्या आंतरतारकीय वायूशीही हीच क्रिया होत असली पाहिजे. तर मग लक्षावधी अंशांचा वायू हा केवळ भास की काय? २०१२ च्या डिसेंबरात सोडलेल्या अग्निबाणाच्या मापनांवरून आकाशगंगेच्या प्रतलातील या किरणांपैकी सुमारे ४० टक्के सूर्यमालेतले असल्याचे दिसले. उरलेल्या भागासाठी उष्ण वायू आवश्यकच राहतो.

या दुरुस्तीनंतर दाबाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. घनसेंटिमीटरातील कणसंख्या गुणिले उष्णतामान हे दाबाचे माप धरल्यास उष्ण वायूचा दाब सुमारे १०,००० येतो. आपल्या मेघाचा वायुदाब अडीच ते तीन हजारच भरतो. तरीही तो चिरडला जात नाही, याचे श्रेय चुंबकीय क्षेत्राच्या दाबास दिले जाते. व्हॉयेजर १ यानाने २०१२ साली सूर्याचे आवरण ओलांडून त्या क्षेत्राचे प्रत्यक्ष मापन केले. परंतु तेथील क्षेत्र आवरणाभोवती दाबले गेलेले असल्याने तो आकडा संपूर्ण मेघास लागू करता येत नाही. सिंहेतील शीत मेघाची अडचण उलट आहे. उदासीन कार्बनच्या रेषांवरून २०१२ साली त्याचा दाब सुमारे ६०,००० निघाला. अवघी दोनशे सूर्य-पृथ्वी अंतरांइतकी जाडी असलेला हा पडदा भोवतालच्या वायूशी समतोलात असणे शक्य नाही. दोन उबदार मेघांच्या टकरीतून तो नुकताच घडला असावा, अशी एक उपपत्ती आहे.

१९६९ आणि १९७७ सालच्या प्रसिद्ध प्रतिकृतींमध्ये आंतरतारकीय वायूच्या अवस्था परस्परांशी दाबाने समतोल मानल्या होत्या. आपल्या अंगणातील हे मेघ त्या गृहीताला आव्हान देतात. ज्या समतोलाची परीक्षा दूरच्या मेघांवर घेणे कठीण, ती येथे घेता येते. निकटचा प्रदेश लहान असूनही त्याचे महत्त्व मोठे आहे ते याचमुळे.