विंडोज १०ची मोफत अपडेट बंद. सेवा केंद्रातल्या संगणकाचे आता काय करायचे?

चंद्रपूर/गडचिरोली : जातीचा दाखला असो, उत्पन्नाचा दाखला असो की डिजिटल सातबारा, जिवतीपासून भामरागडपर्यंत ही कामे आपले सरकार सेवा केंद्रातल्या एखाद-दुसऱ्या संगणकावर होतात. त्या संगणकात विंडोज १० असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. जुलै २०१५ मध्ये आलेल्या या प्रणालीची मोफत सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. संगणक सुरू होतो, प्रिंट निघते, म्हणून काही बिघडले आहे असे वाटत नाही. पण यापुढे प्रणालीत नवी त्रुटी सापडली, तर ती आपोआप बुजवली जाणार नाही.

धोका खरा आहे का?

२०१७ चे उदाहरण पाहा. नेटवर्कवर फाइल शेअर करण्याच्या 'एसएमबी १' या जुन्या पद्धतीतली त्रुटी मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दुरुस्त केली होती. अनेकांनी ते अपडेट घेतलेच नाही. मे महिन्यात 'वॉनाक्राय' त्याच वाटेने जगभर शिरला आणि फाइल कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. जूनमध्ये आलेल्या 'नॉटपेट्या'ने हीच त्रुटी वापरली आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले.

त्यानंतर विंडोज १० मध्ये 'एसएमबी १' सुरुवातीपासून बंद ठेवली जाऊ लागली. २०१८ मध्ये 'होमग्रुप'ही काढून टाकला. म्हणूनच विंडोज ७ वरून वर आल्यावर जुना स्कॅनर किंवा शेअर केलेले फोल्डर दिसेनासे होते. मग दुरुस्तीवाला 'एसएमबी १' पुन्हा सुरू करून देतो. काम होते, पण चोराला दार उघडून दिल्यासारखे आहे. तसे करू देऊ नका.

मुदतवाढ मिळते का?

घरगुती संगणकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. त्यासाठी आवृत्ती २२एच२ आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर ती मोफत आहे, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड्स पॉइंट. कार्यालये आणि संस्थांसाठी वेगळी योजना आहे. पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. डिफेंडरची व्हायरस ओळखणारी यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील. पण मूळ प्रणालीतले भोक तिने बुजत नाही.

विंडोज ११ चालेल?

किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीचा संगणक बहुधा बाद. 'पीसी हेल्थ चेक' हे मायक्रोसॉफ्टचेच मोफत ॲप नक्की काय ते सांगते. 'टीपीएम नाही' असे दिसले, तर लगेच नवा संगणक घेऊ नका. कित्येकदा ते फक्त बायोसमध्ये बंद असते. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत बिनपासवर्डचे शेअर फोल्डर उघडत नाही, हेही आधीच माहीत असलेले बरे.

नेट कमी असेल तर?

ही सोय आपल्याकडे फारशी कोणी वापरत नाही. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये 'लोकल नेटवर्कवरील संगणक' हा पर्याय निवडा. शाळेच्या लॅबमध्ये दहा संगणक असतील, तर एकाने उतरवलेल्या अपडेटचे भाग बाकीचे त्याच्याकडूनच घेऊ शकतात. दहा वेळा डेटा जळत नाही. उलट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवताना 'मीटर्ड कनेक्शन' सुरू करून विसरलात, तर बहुतेक अपडेट अडून राहतात. ते एकदा तपासा.

लिनक्सचे काय?

सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्स प्रणाली मोफत आहे आणि तिच्यात मराठीही आहे. टायपिंग, इंटरनेट आणि शाळेच्या लॅबसाठी ती चांगली. सेवा केंद्रात मात्र अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल सहीचा डोंगल लागतो. त्यांचे ड्रायव्हर लिनक्सवर चालतात का, हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय हात लावू नका.

यातले काहीही करण्याआधी फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली, तर खंडणीवाला तीही कुलूपबंद करतो. हे काम बारावीच्या निकालाआधी उरकलेले बरे. त्यानंतर दाखल्यांसाठी रांग लागते आणि पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला, की भामरागडला दुरुस्तीवालाही पोहोचत नाही.