छर्रा लहान, डोळा जन्माचा

धानाची कापणी आटोपली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात तलाव-बोड्यांच्या काठी पाखरांची गर्दी होते. त्याच सुमारास छर्ऱ्याची बंदूक घेऊन लावे, होले, पारवे टिपायला निघालेली पोरेही दिसतात. "डॉक्टरसाहेब, ही काय खरी बंदूक आहे?" असे पालक मला हसत विचारतात. त्यांच्यासाठीच आजचा हा विषय.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बारा वर्षांच्या मुलाला त्याचे वडील माझ्या दवाखान्यात घेऊन आले. चुलतभावाने होल्यावर नेम धरला. छर्रा दगडावर आपटून उलटला आणि शेजारी उभ्या असलेल्या या मुलाच्या डोळ्यात शिरला. घरच्यांनी घाबरून डोळा धुतला, कोणीतरी पाल्याचा रस पिळला. वडील म्हणाले, "साधा छर्रा आहे जी, चिमट्याने काढून द्या." मी छर्ऱ्याला हात लावला नाही. डोळ्यावर आडोसा बांधून त्याच रात्री नागपूरला पाठविले. तेथे शस्त्रक्रिया झाली, पण त्या डोळ्याची नजर परत आली नाही.

नेहमीचा छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा, वजनाने जेमतेम अर्धा ग्रॅम. पण तो सेकंदाला शंभर मीटरहून अधिक वेगाने सुटतो. डोळ्याचा गोळा अवघा चोवीस मिलिमीटरचा! छाती-पोटावर लागल्यास बाहेर बारीक भोक दिसते, आत मात्र मोठी इजा असू शकते.

डोळ्याला छर्रा लागल्यास एवढे करा :

* डोळा चोळू नका, दाबू नका, धुऊ नका. मध, दूध, मलम काहीही घालू नका.
* रुतलेला छर्रा काढू नका.
* कागदी पेला कापून त्याचा तळ डोळ्यावर झाकण म्हणून ठेवा. त्याची कड भोवतालच्या हाडावर टेकावी, डोळ्यावर नव्हे. मग चिकटपट्टी लावा.
* खायला-प्यायला देऊ नका. भूल द्यावी लागेल.
* तडक नेत्रशल्यचिकित्सकाकडे न्या. धनुर्वाताच्या लसीची आठवण ठेवा.

नंतरच्या तपासण्या चुकवू नका. क्वचित प्रसंगी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसऱ्या, चांगल्या डोळ्यालाही सूज येते.

दुसरा धोका ताटातला. बहुतेक छर्रे शिशाचे असतात. छर्रा काढला तरी त्याचे कण मांसात राहतात आणि शिजवून ते नाहीसे होत नाहीत. चिंच-टोमॅटोच्या आंबट रश्श्यात शिसे अधिकच उतरते. लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला ते घातक असते.

शिवाय कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणजे शिकारीला मुभा आहे असे नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लावा, तितर, ससा यांची शिकार हा गुन्हा आहे.

थोर पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनीही बालपणी एअरगनने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि जन्मभर पाखरांच्या अभ्यासात रमले. नवेगावबांधचा तलाव आपल्याजवळच आहे. मुलाला बंदुकीऐवजी दुर्बीण घेऊन द्या. पाखरे पाहायला दोन्ही डोळे शाबूत हवेत.