बिळांची साक्ष

संस्कृत वाक्यांत कर्ता पुष्कळदां अध्याहृत असतो. तरीही 'खनामि' एवढें एकच पद वाचून खणणारा कोण व तो एकटा कीं अनेक, हें विद्यार्थी प्रत्ययावरून ओळखतो. भूमीच्या पोटांतही अशीं वाक्यें आहेत. त्यांतील कर्ता केव्हांच मातीला मिळाला. क्रिया मात्र दगडांत उरली. अशा एका वाक्याचा अन्वय आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

अमेरिकेंतील वायोमिंग राज्याच्या वायव्येस बिगहॉर्न नांवाचें खोरें आहे. तेथील उघड्या टेकड्यांवर तांबडे, जांभळे व करडे पट्टे एकावर एक रचलेले दिसतात. सुमारे ५ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं नद्यांनीं पुराच्या वेळीं तीरांपलीकडे पसरलेला हा गाळ होय. पूर ओसरला कीं त्यावर झाडें उगवत, आणि खालीं मातींत किडे, गांडुळें व खेकड्यांच्या दूरच्या नात्यांतील प्राणी आपलीं बिळें करीत. असल्या मृदु जीवांचे देह क्वचितच टिकतात. बिळें मात्र गाळाबरोबर दगड झालीं.

त्यांतील एका प्रकारचें बीळ मोठें बोलकें आहे. तें करणारा जीव पुढची माती उकरी व तीच मागें दाबून बसवी. त्यामुळें बीळ पोकळ न राहतां त्यांत चंद्रकोरीसारखे थर एकामागून एक बसले. भुंगेऱ्यांच्या अळ्या व रातकिड्यांसारखा कर्कश नाद करणाऱ्या सिकाडा कीटकांचीं पिल्लें आजही असेंच खणतात. म्हणून कर्ता त्यांच्याच कुळांतला असावा, असें अनुमान आहे. २००८ सालीं या बिळांस 'नाक्टोडेमॅसिस बोवनी' असें नांव मिळालें. अशा जीवांस मातींत हवा लागते. अर्थात् जेथें हीं बिळें विपुल, तेथील जमिनींतून पाण्याचा निचरा होत असे, हेंही कळतें.

परंतु खरी नवलाची गोष्ट पुढेंच आहे. त्याच काळांत वातावरणांत कर्बवायु अतिशय वाढला व पृथ्वीचें सरासरी उष्णमान ५ ते ८ अंशांनीं चढलें. जॉन स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं थराथरांतील बिळांची जाडी मोजली व २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: उष्ण काळांतील बिळें आधींच्याहून ३० ते ४६ टक्के लहान होतीं! बीळ अंगाच्या मापाचें. तेव्हां तीं करणारे जीवच खुजे झाले होते. उष्णतेनें कीटकांची वाढ लवकर उरकते व देह लहान राहतो, हें एक कारण संभवतें. त्याच खोऱ्यांतील एका जातीचा आदिम घोडाही सुमारें ३० टक्क्यांनीं लहान झाल्याचें २०१२ सालीं दाखविण्यांत आलें. ती उष्णता ओसरावयास लक्षावधि वर्षें लागलीं. मग बिळेंही पूर्ववत् रुंद झालीं.

उष्णतेची ती लाट कोणीं बुद्ध्या आणिली नव्हती. आज कोळसा व तेल जाळून कर्बवायु हवेंत जात आहे, आणि तो त्या वेळेपेक्षां कित्येक पटींनीं अधिक वेगानें. पायांखालच्या किड्याला याची झळ लागली तरी तो कोणापाशीं गाऱ्हाणें नेणार? त्याची साक्ष पुन्हां मातींतच लिहिली जाईल. मात्र या वाक्यांत कर्ता अध्याहृत नाहीं. क्रियापद 'आम्ही'चें, म्हणजे संस्कृत परिभाषेंत उत्तमपुरुषी बहुवचनी आहे. त्यांतील 'उत्तम' हें विशेषण सार्थ करणें न करणें आपल्याच हातीं आहे.