फुलपाखराचा ल



गेल्या रोश हशानाच्या आधी चिकाचा हलवा करायचा म्हणून आम्ही आईची जुनी वही काढली आणि नातीला म्हटलं, "वाच बघू." पोर इथं ऑकलंडलाच जन्मलेली. मराठी अक्षरं फोनवर शिकली, त्याचं आम्हांला कोण कौतुक! तिनं वाचलं, "ह... मग फुलपाखरू... मग वा." पाहतो तर शब्द होता ‘हलवा’. फुलपाखरू म्हणजे आईचा ल!

आपण पाटीवर गिरवला तो ल असा: मधोमध देठ आणि दोन्ही बाजूंना एकेक पाकळी. नातीच्या फोनमधल्या ल ला उजवीकडे उभी दांडी, ते हिंदी वळण. श चंही तसंच, आपला देठाचा, त्यांचा शेंडीचा. संगणकात ल चा क्रमांक एकच असतो. रूप कोणतं दिसायचं ते टंक, म्हणजे फॉन्ट, ठरवतो. विंडोजबरोबर घरोघर गेलेला ‘मंगल’ टंक आपल्या मुंबईच्या र. कृ. जोशींनी (१९३६–२००८) रेखाटला. टंक सुरेख, पण त्यात ल समोर येतो तो दांडीचाच. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली पुन्हा सांगितलं की मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा लिहावा.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्यांचे हे हट्ट! पण अक्षराच्या वळणावरून भांडणारे आपण एकटेच नाही. याच देशात नेपियर गावी रॉबर्ट कूपलँड हार्डिंग या मुद्रकाने १८८७ मध्ये ‘टायपो’ नावाचं मासिक काढलं. नवीन टाइप आला की त्याची बरीवाईट परीक्षा त्यात असे, आणि ते १८९७ पर्यंत चाललं. वेलिंग्टनचे जोसेफ चर्चवर्ड (१९३२–२०१३) आपल्यासारखेच परदेशातून आलेले, जन्म सामोआचा. त्यांनी शेकडो टंक हातानं काढले आणि एकाला लेकीचं नाव दिलं, मारियाना. अक्षरावर माया असल्याशिवाय का कुणी असं करतं?

माओरी लोकांचंही बघा. त्यांच्या भाषेत दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात. मुलांनो, ‘केके’ म्हणजे केक. पण दोन्ही स्वर लांबवले की काख! कित्येक वर्षं छापील मजकुरात ती रेघ गळायची. ‘स्टफ’ या वृत्तसंस्थेने ती २०१७ पासून द्यायला सुरुवात केली. बारीकशी रेघ, पण ती नसली तर वाचणाऱ्याची पंचाईत.

आपल्याही घरात मतं कमी नाहीत. एका काकांना जाड ठसठशीत टाइपच हवा, एक मावशी म्हणतात जाड अक्षर अंगावर येतं. आम्ही नर्स होतो, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात जन्म गेला. आमचं मत विचाराल तर अक्षर आधी मोठं नि स्वच्छ हवं, मग सुंदर. पण पाकळ्यांच्या ल ची गोष्ट नुसत्या आवडीची नाही. १८७४ साली पुण्याला हिब्रू-मराठी हग्गादा शिळाछापावर निघाली. तेव्हापासून आजवर आपल्या घरांत किती वह्या, किती पत्रं लिहिली गेली! ती वाचणारे आता आपणच उरलो. एका ल पाशी पोरं अडली तर ती वही मिटून ठेवतील, आणि मग आजीनं साखर किती घातली ते कुणाला कळायचं?

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. संगणकावर मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी निवडावी. चांगल्या टंकांत पाकळ्यांचा ल आपोआप येतो. आणि आजीआजोबांनी मुलांना दर शाबाथनंतर चार ओळी हातानं लिहून द्याव्यात, मोठ्यानं वाचून घ्याव्यात. दांडीचा ल त्यांना येतोच, तो राहू दे. दोन्ही येऊ देत.

आमच्या नातीनं त्या दिवशी पुढची ओळ वाचली, "वे... फुलपाखरू... ची!" आणि डबा उघडून वेलची आणून दिली.