पाणी ओसरतं तेव्हा

उर्दू गझल ऐकत वाढलेल्या माणसाला सरूचं झाड समजावून सांगावं लागत नाही. सरळ, सडपातळ, बारा महिने हिरवं. शायरांनी प्रेयसीच्या बांध्याला शतकानुशतकं त्याचीच उपमा दिली. इंग्रजीत त्याला सायप्रस म्हणतात. आपल्या समुद्रकिनाऱ्यावरचा सुरू तो हा नव्हे. नाव जवळचं, कूळ वेगळं. म्हणून फ्लोरिडात राहणारी माझी मुलगी म्हणाली, "अब्बा, या वेळी तुम्हांला सायप्रसचं जंगल दाखवते," तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मुघल बाग उभी राहिली. मधून पाण्याचा पाट आणि दोन्ही बाजूंना सरू.

नेपल्स शहराजवळच्या 'कॉर्कस्क्रू स्वॉम्प' अभयारण्यात पोहोचलो आणि माझी बाग विरून गेली. समोर काळसर पाणी होतं आणि त्यात बुंध्याशी फुगलेली प्रचंड झाडं. जानेवारी महिना, एकाही झाडावर पान नव्हतं. मला वाटलं, जंगल वाळलं. मुलगी हसली. झाडाचं नावच 'बाल्ड सायप्रस', म्हणजे टकला सरू! आहे सरूच्याच कुळातलं; पण हिवाळ्यात सगळी पानं गाळतं आणि वसंतात पुन्हा पोपटी होतं.

दलदलीवरून सुमारे साडेतीन किलोमीटरची लाकडी पायवाट जाते. कठड्याला टेकून पाहिलं, तर झाडांभोवती चिखलातून लाकडी सुळके वर आलेले. त्यांना तिकडे 'गुडघे' म्हणतात. मुळांना हवा मिळावी म्हणून ते असावेत, असा जुना तर्क आहे. पण तो नक्की सिद्ध झालेला नाही. फांद्यांवरून राखाडी दाढ्या लोंबत होत्या. त्यांचं नाव 'स्पॅनिश मॉस'. ही वनस्पती स्पेनची नाही आणि शेवाळही नाही. ती अननसाच्या कुळातली, हवेतलं पाणी पिऊन जगणारी. एका ओंडक्यावर आपल्या तिरंदाजाचा अमेरिकी भाऊबंद पंख वाळवत बसला होता. खाली मगर पडली होती, अगदी लाकडासारखी.

मी बीए झालो तो भाषा घेऊन. माझ्या मनात दलदल म्हणजे साचलेलं, कुजलेलं पाणी. तो समज पायवाटेवर भेटलेल्या एका वृद्ध स्वयंसेविकेने दूर केला. त्या म्हणाल्या, "हे पाणी साचलेलं नाही. ते चढतं आणि उतरतं. त्या उतरण्यावरच इथलं सगळं जगतं."

आधी झाडाचंच घ्या. हे झाड जन्मभर पाण्यात उभं राहू शकतं, पण त्याचं बी पाण्याखाली रुजत नाही. त्याला पाणी ओसरून उघडा पडलेला ओला चिखल लागतो. शिवाय पुढचा पूर येण्याआधी रोपाला इतकं वाढावं लागतं, की त्याचा शेंडा पाण्याबाहेर राहील. म्हणजे पाण्यातल्या या झाडाच्या जन्माला कोरडे दिवस हवेत!

करकोच्याचीही तीच गोष्ट. तिथला 'वुड स्टॉर्क' आपल्या भिगवणला दिसणाऱ्या चित्रबलाकाच्या जातकुळीतला. अर्धी उघडी चोच तो पाण्यात बुडवून फिरवतो. मासा चोचीला लागला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती मिटते. तो डोळ्यांनी नव्हे, स्पर्शाने शिकार करतो. यासाठी मासे दाटीवाटीने असावे लागतात. पावसाळ्यात ते दूरवर पसरलेले असतात. हिवाळ्यात पाणी आटतं, तसे डबक्यांत गोळा होतात, आणि नेमकी तीच करकोच्याची पिलं वाढवायची वेळ. एका जोडीला पिलांसकट हंगामात दोनशे किलोच्या आसपास मासे लागतात, असा अंदाज आहे. पाणी लवकर आटलं तर मासे आधीच संपतात. अवेळी पाऊस आला तर मासे पांगतात, आणि आईबाप घरटी सोडून जातात.

मगरीलाही यात काम आहे. ती चिखल उकरून खोल खड्डा करते. कोरड्या हंगामात बाकी सगळं आटलं तरी त्या खड्ड्यात पाणी राहतं, आणि मासे, कासवं, पक्षी त्याच्या आश्रयाने तगतात. मगर त्यांतले काही खातेही. पण तो खड्डा नसता, तर खायला आणि उरायला कुणी राहिलंच नसतं.

माणसाने या चढउताराची किंमत ओळखली नाही. सायप्रसचं लाकूड सहज कुजत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही जंगलं झपाट्याने तोडली गेली. कॉर्कस्क्रूमधली पाचशे वर्षांहून जुनी झाडं १९५४ मध्ये ऑडुबॉन सोसायटीच्या पुढाकाराने वाचली. त्याआधीच उत्तरेला नॉर्थ कॅरोलायनात ब्लॅक नदीकाठी जे थोडं उरलं होतं, त्यातल्या एका झाडाचं वय २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किमान २,६२४ वर्षं भरलं.

पण कुऱ्हाडीपासून वाचलेली झाडं कालव्यापासून वाचतातच असं नाही. लुइझियानात न्यू ऑर्लिन्सजवळ १९६०च्या दशकात जहाजांसाठी समुद्रापर्यंत कालवा खणला. त्यातून खारं पाणी आत शिरलं आणि हजारो एकर सायप्रस उभ्या उभ्या मेले. वादळाच्या लाटांचा जोर कमी करणारी भिंतच ती. २००५ मध्ये कतरिना वादळ आलं, तेव्हा ती तिथे नव्हती. २००९ मध्ये दगडांचा बांध घालून तो कालवा बंद केला. खारेपणा उतरला आणि पुन्हा सायप्रसची रोपं लावता आली.

कॉर्कस्क्रूत एके काळी वुड स्टॉर्कची देशातली सर्वांत मोठी वसाहत होती. आता कित्येक हंगाम घरट्यांविना जातात. भोवती शेती आणि वस्ती वाढली, कालवे निघाले, आणि पाणी पूर्वीपेक्षा लवकर उतरतं. बरेच करकोचे उत्तरेकडे जॉर्जिया, साउथ कॅरोलायनाकडे सरकले. त्या दिवशी मला दोनच दिसले.

मी कोकणातला. आमच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे रानजायफळांची पाणथळ देवराई आहे. तिथल्या मुळांनाही असेच गुडघे असतात. २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. लोकांनी ती देवाच्या धाकाने राखली, म्हणून दर्जा द्यायला काही उरलं होतं. कॉर्कस्क्रूला कायदा आणि वर्गणी यांनी राखलं. पण कुंपण झाडांना घालता येतं. पाणी कुंपणाबाहेरून येतं आणि बाहेरच जातं.

संध्याकाळी मुलीच्या घरी परतलो. तिच्या घरामागे एक कालवा आहे, सरळ, नीटनेटका. ही सगळी जागा पूर्वी पाणथळच होती. घरं कोरडी राहावीत म्हणून तो खणलेला. मुलगी म्हणाली, "अब्बा, पावसाळ्यात याचाच आधार असतो आम्हांला." ते खरंच आहे. त्या कालव्यामुळेच मी तिच्याकडे महिनाभर कोरड्या बिछान्यात निश्चिंत झोपलो.

पण त्या रात्री झोप येईना. बाहेर पाणी आवाज न करता समुद्राकडे चाललं होतं. त्या दोन करकोच्यांसाठी त्यातलं किती मागे ठेवायला हवं होतं, याचा हिशेब मला जमेना.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)